उतरलेली तार

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वरण-भात चमच्याने खात होते आणि काकू मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. मी आपली सवयीने हाताने कालवायला लागले, तर काकूंनी लगेच ऐकवलं, "बघा अहो, याला म्हणतात जेवण." काकांनी चमचा ठेवला आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. दहाही बोटांना नखं. चांगली लांब, कडा घासून गोल केलेली. सत्तरीला टेकलेल्या पुरुषाच्या हाताला असली नखं बघून मी कालवायचीच थांबले.

"हळद बसते यांच्यात," काका म्हणाले. "मग ती तारेला लागते. म्हणून चमचा."

"काय वाजवता तुम्ही?" मी विचारलं.

"अजून काहीच नाही," उत्तर काकूंनी दिलं. "चार वर्षं झाली नखं वाढवून. वाद्य अजून गॅरेजमध्येच आहे."

ही २००३ सालची गोष्ट. लग्न होऊन मी मिरजेहून थेट अमेरिकेत, पार्सिपनीला आले होते. नवरा आठला ऑफिसला गेला की सात वाजेपर्यंत तोंड दाखवायचा नाही, आणि माझ्या व्हिसावर मला काम करायची बंदी. एम.कॉम. झालेली बाई दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसली की तिच्या डोक्यात काय काय येतं, ते न सांगितलेलं बरं. काकू महाराष्ट्र मंडळातल्या मुलांना गाणं शिकवायच्या. मीही शिकायच्या निमित्ताने त्यांच्याकडे जायला लागले आणि काकांच्या तावडीत सापडले.

"मिरजेची? मग तुला तार समजत असेल," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तंबोरे करणाऱ्यांची दुकानं होती हे खरं, पण मी तिथे थांबायची ती समोरच्या गाड्यावरच्या भेळेसाठी. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. कुणीतरी आपल्याला काहीतरी समजतं असं म्हणत होतं, तेच मला त्या वर्षी पुष्कळ होतं.

काका मूळचे नागपूरचे, सोनाराच्या घरातले. धातुशास्त्र शिकून साठच्या दशकात अमेरिकेत आले आणि निवृत्त होईपर्यंत तार ओढायच्या कारखान्यात राहिले. येताना बॅगेत दोन पँट, भगवद्गीता आणि वडिलांचं जंतर. जंतर म्हणजे सोनाराची पोलादी पट्टी, तिला मोठ्यापासून बारीकपर्यंत ओळीने भोकं असतात. तार एकेका भोकातून ओढत न्यायची, की ती बारीक होत जाते. कारखान्यात खोलीएवढ्या मशीन होत्या, तरी काका आपलं जंतर रोज डब्यासोबत घेऊन जायचे म्हणे. तिथला एक आयरिश फोरमन हे बघून एकदा म्हणाला, आमच्याकडे पूर्वी पितळेच्या तारांची हार्प असायची, उभ्या वीणेसारखी, नखांनी छेडायची, तिचा आवाज दोन घरं पलीकडे गेला तरी संपायचा नाही. आता सगळे नायलॉन लावतात, तशी तार ओढणारा माणूस राहिला नाही. काका म्हणाले, "काऊन नाही राहिला? मी आहे ना." फोरमन वारला, पण काकांच्या डोक्यातून ती हार्प गेली नाही. निवृत्त झाल्यावर वादळात पडलेलं एक विलोचं झाड त्यांनी तळ्याकाठून उचलून आणवलं. आपल्याकडे वाळुंज म्हणतात, त्या जातीचं झाड. त्याचा अखंड ओंडका पटाशीने आतून कोरला आणि हार्पचा आवाज घुमायची पेटी केली. सांधा नाही, जोड नाही. ती पेटी गॅरेजमध्ये वाळत बसली, आणि काकूंची गाडी चार हिवाळे बाहेर बर्फात. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना काकू जे काही म्हणायच्या ते शेजारच्या गोऱ्यांना कळत नव्हतं, हे नशीब.

मंडळात त्यांना "तारकाका" म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याची तार तुटली. बाई गोंधळल्या, सगळे हळहळले. काका उठून सरळ स्टेजवर गेले, तुटलेला तुकडा उचलला, खिशातून भिंग काढलं आणि तिथेच मांडी घालून बघत बसले. पुढचा अख्खा अभंग संपेपर्यंत. काकूंनी मान खाली घातली ती प्रसादापर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत होते, तेव्हा काकांनी मला तो तुकडा दाखवला.

"हे पाहा. तुटायच्या जागी तार निमुळती झालीय. म्हणजे ही ताण सोसत सोसत गेली. हिचा काही दोष नाही. पण एखादी तार सरळ तुटते, काच मोडावी तशी. ती दिसली की समजायचं, हिला बाहेरून काहीतरी लागलं. पितळेला अमोनियाचं वावडं असतं. सैल पितळेला फरक पडत नाही, पण ताणलेल्या पितळेला नुसती वाफ पुरते." मग कारखान्यातल्या पितळेची भेंडोळी कुणीतरी खताच्या गोदामाशेजारी ठेवली आणि ती कशी महिन्याभरात जागच्या जागी तडकली, ते त्यांनी रंगवून सांगितलं. "माणूस खोटं बोलतो," शेवटी ते म्हणाले. "तुटलेलं टोक बोलत नाही."

मी "हो का काका" म्हणत मटार सोलत राहिले. अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे होतं.

आता सगळ्यात मोठी गंमत सांगते. काकांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. आरती म्हणताना ते एकटे भलतीकडे जायचे आणि त्यांना पत्ताही नसायचा. "सूर तुझ्या काकूकडे आहे. माझ्याकडे ताण आहे," असं ते अगदी अभिमानाने सांगायचे. बेत असा होता की हार्प काका बांधणार आणि काकू ती लावणार. पण पेटी कोरून चार वर्षं झाली तरी काका तारा चढवत नव्हते. अजून वाळू दे, अजून एक हिवाळा जाऊ दे. मला वाटायचं म्हातारा चिकित्सक आहे. नंतर कळलं, त्यांना भीती वाटत होती. तीस तारा मिळून पेटीला दहा-बारा माणसांच्या वजनाइतकं ओढतात. कुठे एक तडा गेला की संपलं, दुसरा तसा ओंडका मिळायचा नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी गेले तर काकू कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा एक कान लहानपणीच फुटून बहिरा झालाय, तुला माहीत आहे ना? दुसऱ्या कानाच्या नसेवर गाठ निघालीय. गाठ काढली की जीव राहील, कान जाईल. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी ऑपरेशन."

मी अर्धी जुडी माझ्याकडे ओढली. म्हटलं, "काकांना सांगितलंत?"

"कालच. आज उजाडताच गॅरेजमध्ये गेले. सकाळपासून बाहेर आलेले नाहीत."

मी गॅरेजमध्ये गेले. हार्प दिवाणखान्यात न्यायला काका जागा मोजत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या सोमवारच्या आधी ही लागली पाहिजे. तिच्या कानाने. त्यानंतर या घरात कुणाला कळणार, ही वाजते आहे की नुसता आवाज करते आहे?"

त्या दिवसापासून सहा आठवडे आम्ही जे केलं, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. काकांनी तीस तारा चढवल्या, आणि मग रोज सकाळी एकेका खुंटीला किल्लीने पाव फेरा. बस, तेवढंच. किल्ली फिरवायची मी, आणि काका पेटीला गाल लावून डोळे मिटून बसायचे. सूर कळत नसला तरी तडा आपल्याला कळतो, असं त्यांचं म्हणणं. लाकूड कुरकुरलं की हात वर करायचे. मी तिथल्या तिथे थांबायची, श्वाससुद्धा घ्यायची नाही. एकदा तर पेटीतून टक् असा आवाज आला आणि आम्ही दोघं किती वेळ तसेच बसलो ठाऊक नाही. शेवटी काका म्हणाले, "बसली. तुटली नाही, बसली." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर बर्फ पडत होता.

मधल्या दोन तारा एकाच सुराच्या असतात. आयरिश लोक त्यांना बहिणी म्हणतात, असं फोरमनने सांगितलं होतं. काकांचा त्यांच्यावर विशेष जीव. "बाकीच्या चुकल्या तरी चालतील," म्हणायचे, "या दोघी सारख्या लागल्या पाहिजेत."

ऑपरेशनच्या आधीच्या बुधवारी हार्प जवळजवळ चढली होती. शुक्रवारपासून काकू लावायला बसणार, रविवारी मंडळातल्या चार बायका भेटायला येणार. बुधवारी काका-काकू हॉस्पिटलमध्ये तपासण्यांना गेले आणि घराची चावी माझ्याकडे होती. मी दिवाणखाना आवरला. आवरता आवरता हार्पकडे लक्ष गेलं. मधल्या तारा आमच्या हातांनी काळवंडल्या होत्या. आमच्याकडे पितळ काळं दिसलं म्हणजे घरातल्या बाईची लाज गेली. माझी आई असती तर चिंच घेऊन बसली असती. चिंचेने हात चिकट होतील म्हणून मी सिंकखाली वाकले आणि काचा पुसायचं निळं पाणी काढलं. फडकं चांगलं भिजवलं, एकेक तार वरपासून खालपर्यंत, खुंटीच्या वेढ्यांपर्यंत पुसली. अकरा तारा झाल्या आणि नवऱ्याचा फोन आला, म्हणून उरलेल्या राहिल्या. त्या अकरा सोन्यासारख्या दिसत होत्या. मी स्वतःवर इतकी खूश होते की घरी जाऊन शिरा केला.

गुरुवारी दुपारी आम्ही तिघं चहा घेत होतो. पहिली तार तुटली तेव्हा काकूंनी कप खाली ठेवला. काका उठेपर्यंत दुसरी गेली. मग तिसरी. कुणी हातही लावत नव्हतं, आणि त्या एकेक करून तुटत होत्या. काका पेटीला दोन्ही हातांनी धरून उभे होते, घरात चोर शिरल्यावर माणूस तिजोरीपुढे उभा राहतो तसे. तासाभरात सात तारा गेल्या, त्यांत बहिणी दोन्ही. चमकणाऱ्यांतल्या उरलेल्या चार काकांनी स्वतःच सैल सोडल्या.

एक तुकडा माझ्या पायाशी उडून पडला होता. मी उचलला. टोक निमुळतं नव्हतं. सरळ होतं, काच मोडावी तसं.

मग मला ते मटार आठवले, खताचं गोदाम आठवलं, आणि सिंकखालच्या बाटलीचा तो डोक्यात जाणारा अमोनियाचा वास. काकाही भिंग लावून एक तुकडा बघत होते. बराच वेळ बघितलं. मग भिंग खिशात ठेवलं.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. पण काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या, आणि मी भित्री, मी गप्प राहिले.

"माझी तार कच्ची निघाली," काका म्हणाले.

चाळीस वर्षांत या माणसाने आपली तार कच्ची म्हटली नव्हती. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. काका माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी सातला ये. जुने कपडे घालून. तार ओढायचीय."

पुढचे दोन दिवस मी तळघरात उलटी चालत होते. जंतर टेबलावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलेलं, काका गॅसच्या टॉर्चवर तार तापवून मऊ करणार, टोक घासून भोकातून काढणार, मी पकडीत धरून ओढत मागे मागे जाणार, भिंतीला पाठ लागेपर्यंत. "झटका नको. एकसारखी. थांबलीस तर तिथे गाठ दिसेल." एका तारेला नऊ भोकं, तारा अकरा. हाताला फोड आले, फुटले, काकांनी पट्ट्या लावल्या. त्या दोन दिवसांत ते माझ्याशी तारेखेरीज एक शब्द बोलले नाहीत, आणि मी प्रत्येक भोकाला ठरवत होते, हे झालं की सांगते. नवऱ्याला घरी रात्री सांगितलं. तो म्हणाला, "यार, आता सांगून काय होणार? त्यांना टेन्शन कशाला?" मलाही तेच ऐकायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी तारा चढल्या. सहा आठवड्यांचा ताण आता एका रात्रीत द्यायचा होता. नवी तार सारखी सैलावते, पुन्हा चढवावी लागते, आणि प्रत्येक वेळी पेटी कुरकुरते. रविवारी सकाळी काकूंनी बायकांना फोन करून येणं कॅन्सल केलं, खुर्ची ओढली आणि चांगला कान तारांकडे करून बसल्या.

"चढव," त्या म्हणायच्या. मी किल्ली फिरवायची. "अजून. अजून जरा. बस." काका गाल लावून बसलेले. एकदा त्यांनी हात वर केला आणि आम्ही दोघी गोठलो. पेटीतून काहीच आलं नाही. त्यांनी हात खाली घेतला. "बस" म्हणताना काकूंचा आवाज गाण्याच्या बाईचा व्हायचा, मोठा, वाद न घालण्यासारखा. असं तीस वेळा. दुपारचे तीन वाजले.

मग काका वाजवायला बसले. त्यांना येत तरी काय होतं, फोरमनने गुणगुणलेली चार ओळींची एक चाल, तीही आकडे मोजून पाठ केलेली. पण तो आवाज. अजून माझ्या अंगावर काटा येतो. एक सूर सुटायचा तो राहायचाच, त्याच्यावर दुसरा येऊन बसायचा, आणि काका बोटाच्या पेराने आधीचा हळूच दाबून टाकायचे. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. चाल संपली. मधल्या दोन्ही बहिणी अजून वाजत होत्या.

"या दोघींतली एक जरा उतरलीय," काकू म्हणाल्या.

मी किल्ली उचलली. काकूंनी माझा हात धरला. "राहू दे. ऐक ना, लाट येते आणि जाते. श्वास घेतेय ती."

काकांनी ती चाल त्या दिवशी किती वेळा वाजवली ते मी मोजलं नाही. काकूंनी प्रत्येक वेळी "पुन्हा" म्हटलं. सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव राहिला, कान गेला.

माझं मात्र हळूहळू तिकडे जाणं कमी झालं. मुलगी झाली, ग्रीन कार्डाची फाइल, नवऱ्याचे प्रोजेक्ट. कारणं पुष्कळ देता येतील. खरं सांगायचं तर मला त्या घरात तोंड दाखवायची लाज वाटायची. काकू पाटी हातात देऊन मोठ्याने विचारायच्या, "काय गं, बोलत का नाहीस?" आणि मी पाटीवर लिहायची, मुलीची शाळा, सर्दी, थंडी. जे लिहायचं ते कधी लिहिलं नाही.

२००८ मध्ये नवऱ्याची नोकरी दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला गेली. निघायच्या आधी निरोप घ्यायला गेले. काकू वर कपडे बदलत होत्या, काका चहा टाकायला आत गेले. हार्प त्याच जागी होती. पेटी ताणाने मधोमध थोडी फुगली होती, पण तडा नव्हता. मी सहज दोन्ही बहिणी छेडल्या. एक उतरलेली होती. म्हटलं, बिचारे काका, त्यांना कुठे कळणार. घरात कान असलेलं कुणी राहिलं नाही. किल्ली तिथेच होती. मी ती तार वर नेली, दोन्ही अगदी एक केल्या. बरं वाटलं. निदान एवढं तरी त्या घराचं नीट करून चालले.

काकू खाली आल्या. मला जवळ घेतलं, मग रोजच्यासारख्या खुर्ची ओढून बसल्या आणि पेटीवर दोन्ही तळवे टेकवले. काकांनी चहा ठेवला, येऊन त्या दोन तारा एकदम छेडल्या. काकू थांबल्या. पुन्हा खूण केली. काकांनी पुन्हा छेडल्या.

"अहो," काकू मोठ्याने म्हणाल्या, "आज ही श्वास का घेत नाही?"

काकांनी किल्लीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाकीच्या मी सूर मोजायच्या मशीनची सुई बघून लावतो," ते म्हणाले. "या एकीला सोडून. ही तुझ्या काकूच्या हातावर आहे. तिला तळव्यात लाट लागते." किल्ली उचलत म्हणाले, "तुझं बाप्पा आवरून ठेवणं. तेव्हा पुसून ठेवलंस, आता लावून ठेवलंस."

मी खाली बसले. "तुम्हाला माहीत होतं?"

"टोक तूही पाहिलंस, मीही पाहिलं."

"मग स्वतःवर का घेतलंत काका? पाच वर्षं मी..."

"दोन दिवसांत अकरा तारा ओढायच्या होत्या," काका म्हणाले. "रडणाऱ्या माणसाच्या हातून तार सरळ निघत नाही. नंतर तू सांगशील म्हणून वाट पाहिली. तू येणंच सोडलंस." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. नखं अजून तशीच होती, घासून गोल केलेली. "उतरव आता. तूच उतरव."

काकूंना आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसत होतं. तळवे पेटीवर ठेवून वाट बघत बसल्या. मी किल्ली केसभर मागे फिरवली. काकांनी दोन्ही तारा छेडल्या. काकूंनी मान हलवली, नाही. अजून केसभर. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तारा वाजल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि तोच जुना, वाद न घालण्यासारखा आवाज घरभर गेला.

"बस."